वेल्स कुठल्या तालुक्यात येते?

चार मास्तर एकत्र आले की शिक्षणावर चर्चा करतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या केंद्र परिषदेला यावं. चहा येईपर्यंत अध्ययन निष्पत्ती, चहा आला की किस्से! मोहाच्या झाडाखाली फुलं पडावीत तसे ते पडत असतात आणि कुणी वेचले नाहीत तर वाया जातात. म्हणून म्हटलं, आपणच टोपली घेऊन बसावं.

मी रामटेके मॅडम. गडचिरोलीत धानोऱ्याकडच्या जंगलात दोन मास्तरांची शाळा आहे, तिथं पहिली-दुसरीला वाचायला शिकवते. दुसरे मास्तर नन्नावरे सर, आमचे मुख्याध्यापक. पोरं घरी गोंडी बोलतात, पुस्तक मराठी बोलतं आणि मी मधल्यामधे!

त्यात दुसरीतली सोमी. घरी तिचं तोंड बंद होत नाही आणि शाळेत उघडत नाही. दोन वर्षांत तिनं एक अक्षर मोठ्यानं वाचलं नव्हतं. तिचा बाप लालसूभाऊ वैतागला होता. "मॅडम, पोरगी इथी मुकी होऊन राह्यली. पुढच्या साली दाखला काढतो आन् आश्रमशाळेत टाकतो, भावासंग."

आश्रमशाळा लांब, पोर एवढीशी. जी गावातल्या शाळेत बोलत नाही ती तिथं काय बोलणार? मी रोज तिच्यासमोर पुस्तक धरायचे आणि ती रोज माझ्याकडे बघून गोड हसायची.

*

तर एक दिवस बातमी आली, की लहान मुलांचं वाचन सुधारण्यासाठी आंतरराष्ट्रीय शिक्षक अदलाबदल होणार. इथला एक मास्तर वेल्सला जाणार, तिथला एक इथं येणार. आपल्याकडून नन्नावरे सर!

आता, जिल्हा परिषदेच्या मास्तराच्या घरात 'अदला' कुणाला ऐकू येत नाही. नुसतं 'बदल' ऐकू येतं आणि त्याची लगेच बदली होते. सरांच्या मिसेसचा फोन आला. सर कमी ऐकतात, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"अवो, हे वेल्स कुठल्या तालुक्यात येते?"

"तालुक्यात नाई वं, परदेशात हाय."

पलीकडं हिशोब झाला असावा. मग एकदम, "आपसी बदली हाय ना? मंग घेऊन टाका! त्या टोकावरच्या मुलचेऱ्यापरीस त जवळच असन!"

*

सर गेले. तिथून त्यांचा पहिला व्हॉट्सअॅप मेसेज आला तो वर्गाच्या फोटोसकट. गोरी गोरी पोरं गालिच्यावर मांडी घालून बसलेली, बाई गोष्ट वाचून दाखवतेय.

खाली सरांनी लिहिलं होतं, "इथी बी पोरं खालीच बसते! आपल्याकडं बेंच येत नाई म्हणून बसते, यांच्याकडं पद्धत म्हणून."

*

सर परत आले आणि मग त्यांच्या अदलाबदलीतल्या केरिस मॅडम निघाल्या. त्या वडशाला रेल्वेनं उतरणार होत्या. स्वागताचा बॅनर सरांनी तिथल्याच एका पेंटरला सांगितला. हा माणूस अख्खा हिवाळा झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं रंगवतो. हात बसलेला!

स्टेशनवर बॅनर उलगडला. "येत आहे! येत आहे! लंडनची सुप्रसिद्ध अदाकारा मिस केरिस! सोबत विनोदी भूमिकेत नन्नावरे सर!"

दोघेतिघे जण धावतच आले. "भाऊ, तिकीट कुठी भेटन?"

केरिस मॅडमनी मला विचारलं, काय लिहिलंय? मी मन घट्ट करून इंग्रजीत सांगितलं. अदाकारा म्हटल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, पण लंडन ऐकल्यावर बाई भडकल्या! "नॉट लंडन! वेल्स!" कुणी आम्हाला "तुम्ही नागपूरकडचेच ना?" विचारलं की आम्ही जसं "नागपूर नाई, गडचिरोली!" म्हणतो, अगदी त्याच पट्टीत.

नन्नावरे सर समाधानानं म्हणाले, "चाला, आपल्यातलीच हाय."

*

केरिस हे नाव पोरांच्या तोंडात अर्धा दिवस टिकलं. दुपारी खिचडीच्या वेळेपर्यंत बाईंची कैरीबाई झाली होती.

कैरीबाईंनी आमचा अक्षरतक्ता बघितला आणि अननसावर बोट ठेवलं. हे फळ इथं मिळतं? म्हटलं, नाही हो. मग पोरांनी पाहिलंय? म्हटलं, तक्त्यावर पाहिलंय ना! खाली 'घ'ला घराचं चित्र होतं. मी ऐटीत छडी ठेवली आणि पोरं एका सुरात ओरडली, "लोन!"

कैरीबाई चमकल्या. मी सांगितलं, गोंडीत घराला लोन म्हणतात. शेजारून नन्नावरे सर म्हणाले, "पोरं बरोबर हायेत, मॅडम. माहं घर बी लोनच हाय."

त्या दिवशी तो तक्ता भिंतीवरून उतरला आणि पोरांनी आपापल्या ओळखीच्या वस्तूंचा नवा काढला. 'क'ला काय काढावं यावर जराही वाद झाला नाही. फक्त त्या कैरीला चष्मा होता आणि लाल केस होते! केस सोमीनं रंगवले होते. जीव लावून रंगवले, पण बोलली काही नाही.

*

एकदा मी कैरीबाईंना सोमीबद्दल सगळं सांगितलं, लालसूभाऊ दाखला काढणार आहे तेही.  मग त्यांनी त्यांच्या पणजीची गोष्ट सांगितली. पणजी घरी वेल्श बोलायची. शाळेत इंग्रजीशिवाय बोलायची बंदी. वेल्श बोलताना सापडलं की गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे आणि ज्याच्या गळ्यात ती शेवटी राहील त्याला मार.  माझ्या आईच्या तोंडून शाळेच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या होत्या त्या वेगळ्या होत्या, पण मार तोच होता.

शेजारी बसून ऐकणारे नन्नावरे सर उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातली 'शाळेत मराठीतच बोला' ही पाटी जागेवर नव्हती. मी विचारलं, सर, पाटी कुठं गेली?

"वाळवी लागली होती, मॅडम."

पाटी पत्र्याची होती.

*

आता कैरीबाईंच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बाई म्हणाल्या, आमच्याकडं जी मुलं वाचायला घाबरतात ती कुत्र्याला वाचून दाखवतात. चुकलं तरी कुत्रा टोकत नाही, त्यामुळे भीती मोडते. सरांनी तिकडे हे स्वतः पाहिलं होतं. मी विचारलं, "आणि कुत्रा काय करतो?"

"आयकते! ट्रेनिंगमधे आपण आयकतो त्याच्यापरीस लय बरं आयकते!"

आमच्याकडं कुत्र्यांची काय कमी! खिचडीच्या वासानं रोज पाच-सहा हजर असतात. त्यातला एक काळा कुत्रा सोमीच्या टोल्यावरचा, म्हणजे तिच्या वस्तीवरचा, तिच्या मागे मागे शाळेत यायचा आणि शाळा सुटेपर्यंत पायरीवर पडून राहायचा. कैरीबाईंनी सोमीच्या हातात कोंबडीच्या गोष्टीचं पुस्तक दिलं, कुत्र्याकडे बोट केलं आणि आम्हाला सगळ्यांना लांब पिटाळलं. पहिल्या दिवशी दोघं नुसती चित्रं बघत बसली. दुसऱ्या दिवशी सोमीचे ओठ हलताना दिसले.

बाई निघायच्या दिवशी विस्तार अधिकारी साहेब निरोपाला आले आणि नेमका त्याच वेळी लालसूभाऊ दाखला न्यायला आला. मी त्याला म्हटलं, भाऊ, जरा थांब. सगळे दाराआड उभे राहिलो.

पायरीवर सोमी वाचत होती. मोठ्यानं! ओळीखाली बोट, पान उलटलं की कुत्र्याला चित्र दाखवायचं आणि पुन्हा पुढं. लालसूभाऊ पोरीकडं असा बघत राहिला, जसा काही तो तिला पहिल्यांदाच बघतोय. माझे डोळे भरले, मी लपवले नाहीत.

साहेबांनी कान दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, हे काय वाचतेय? पुस्तक तर मराठी आहे. ही तर मनानंच काहीतरी बोलतेय!"

माझ्याकडं त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती. मी ओळीवर बोट ठेवून ऐकू लागले. पुस्तकात कोंबडी आली की सोमी म्हणायची 'कोर', पाणी आलं की म्हणायची 'एर'. एक ओळ सुटली नव्हती, एक शब्द गळला नव्हता. मराठी गोष्ट डोळ्यांनी आत जात होती आणि तोंडातून गोंडी बाहेर पडत होती.

साहेब पुढं झाले आणि वाकून म्हणाले, "बेटा, छान. पण मराठीत लिहिलंय ना? मग मराठीत का नाही वाचत?"

सोमीनं पुस्तक मिटलं, साहेबांकडं पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "साहेब, याले मराठी येत नाई ना!"

 लालसूभाऊ खाकरला.

"मॅडम, पोरीचा दाखला राहू द्या. जमलं त या कुत्र्याचं नाव टाका पहिलीत!"