डाव्या बाजूची उशी

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. त्या हिवाळ्यात आमच्या घरातली एक खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती आणि माय दिवसभर तिथंच बसून असायची. नागपूरला तिचा डावा स्तन काढला होता. तेव्हापासून ती पदर अंगाभोवती घट्ट लपेटायची. विहिरीवर जायची नाही, हळदीकुंकवालाही नाही. आता मेहकरला तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं.

“मी नाही येत. बाया तोंडाकडे थोड्याच पायतीन? इथंच पायतीन,” ती म्हणाली.

मला रागच आला. बायांचा. त्या रिकाम्या बाजूसाठी उशी शिवायला मी सुई-दोरा घेऊन तिच्यापुढे बसले.

दुपारचं ऊन झरोक्यातून कापसावर उतरायचं, तंतू हवेत तरंगत राहायचे. त्या पांढऱ्या उजेडात कोण जागं, कोण पेंगतंय, कळायचं नाही. पहिली उशी मी निव्वळ रुईची, बी काढलेल्या कापसाची केली, छान गोल गरगरीत. मायनं चोळीत घालून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“हे तं नवरीचं झालं वं! मी चार लेकराईची माय हाय.”

शिवाय उशी इतकी हलकी, की हात उचलला की खांद्याकडे चढायची. दुसरीत ज्वारी भरली, तर ती बोचायची. मग मायनंच तळाशी मूठभर सरकी, कापसाचं बी, घालायला लावली, वर रुई. उशी वरून चपटी झाली, खाली भरली, जराशी लोंबली. मायनं डोळे मिटून ती तळहातावर तोलली. कितीतरी वेळ तोलत राहिली.

“हाव. असंच होतं,” म्हणाली.

माय लग्नाला आली. मांडवात बायांमध्ये बसली, पदर पूर्वीसारखा मोकळा सोडून. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. नवरीच्या थोरल्या बहिणीनं आपलं तान्हं मायच्या मांडीवर दिलं आणि ती वाढायला गेली. थोड्या वेळानं ते भुकेनं जागं झालं आणि नेमकं डावीकडेच तोंड घासू लागलं. लाळेनं चोळी ओली झाली.

माय खाली पाहत राहिली. मग एवढ्या बायांत मोठ्यानं म्हणाली,

“अरे बाप्पा, तिथं नुसती सरकी हाय! थे म्हशीले चारतेत, तवा दूध येते. मले तं कोनं चारलीच नाही!”

आधी मायच हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग तिनं बाळाला तिथंच, डावीकडेच, थोपटून निजवलं.