दोन बारीक, एक लांब – वाघबीळच्या उतारावर

इथले बहुतेक अनुभव मी वाचलेत, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसलेसुद्धा. रात्री घरात खुडबुड झाली की मी आधी उंदराचा सापळा काढते. अंगारा, दृष्ट, बाहेरचं... यातलं काही आमच्या घरी चालत नाही, म्हणजे मी चालू देत नाही. तरीही आज लिहायला बसले, कारण परवा मुलीच्या नव्या गाडीत एक गोष्ट घडली आणि पंचवीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार जशीच्या तशी पायाखाली आली. पायाखाली असं मुद्दाम लिहिलंय. यात भूत नाही, पांढरी साडी नाही. ही ब्रेकची गोष्ट आहे. कंटाळा येणार असेल त्यांनी पुढच्या अनुभवावर जावं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझं माहेर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. सासर पन्हाळा तालुक्यात – रत्नागिरी रस्त्यानं वाघबीळपर्यंत चढायचं, तिथून पन्हाळ्याला न वळता सरळ पलीकडे उतरायचं, आणि बांबवड्याच्या अलीकडे आत वळायचं. लग्न होऊन गावात गेले तेव्हा मी बी.एस्सी. होते आणि कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यावर उभं राहून, म्हशीची समोर काढलेली धार, म्हणजे धारोष्ण दूध, पिण्यात पटाईत होते. काढण्यात शून्य. आणि आमच्या घरी तर दुधाचाच धंदा!

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, यांनी मला शिकवायचा खूप प्रयत्न केला. चंद्री नावाची त्यांची एक लाडकी म्हैस होती. आत्याबाई बसल्या की बादलीत आवाज कसा यायचा – चुर्र, चुर्र, चुऽऽर्र. दोन बारीक, एक लांब. पुन्हा दोन बारीक, एक लांब. शेवटपर्यंत तीच चाल. गोठ्याबाहेरून ऐकलं तरी कळायचं, कोण बसलंय. मी बसले की चंद्री मान वळवून माझ्याकडे बघायची आणि पान्हा चोरायची.

"पिळू नको गं! ते काय धुणं हाय व्हय?" आत्याबाई ओरडायच्या. "दाबायचं नि सोडायचं. सोडल्याशिवाय दूध उतरतंय कुठं? तू नुसती धरूनच बसतीस."

योगायोग बघा, जीप शिकवताना आमच्या ह्यांनीही मला तेच सांगितलं होतं. आमची जीप मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, माझ्याइतक्याच वयाची. हे म्हणायचे, "निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरलास की चाक थांबतंय, गाडी थांबत न्हाय. चाक फिरत असलं तरच गाडी वळती. तवा दाब-सोड, दाब-सोड करायचं." हे मला डोक्यानं पटलं होतं. पण संकट आलं की माझा स्वभाव घट्ट धरून ठेवायचा. सड असो, ब्रेक असो.

आत्याबाईंचा एक डोळा कडब्याचं कुसळ जाऊन कधीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला. कोल्हापुरात ऑपरेशन केलं, टाके घातले. तेव्हा आजच्यासारखं सकाळी ऑपरेशन आणि दुपारी घरी टीव्ही असं नव्हतं. कित्येक दिवस उताणं झोपवून ठेवायचे. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शिंकायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही. आणि प्रवासात हिसका बसता कामा नये. टाका सुटला तर हा डोळाही गेला असं समजा."

मी म्हटलं, "अजून चार दिवस ठेवून घ्या."

आत्याबाई कॉटवरून ओरडल्या, "चार दिस? चंद्री आटंल तवर! शेजारणीला पान्हा देत न्हाय ती. मला घरला ने, न्हायतर मी चालत जाते."

आम्हाला न्यायला जीप घेऊन हे येणार होते. पण आदल्या आठवड्यात जीप सुरू करायला पुढून हँडल मारताना ते उलटं बसलं आणि ह्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. भाड्याच्या गाडीवर माझा विश्वास नव्हता, कारण ड्रायव्हर मला न विचारता खड्ड्यात घालणार. मग मीच गावी जाऊन जीप घेऊन आले. रिकामी जीप फार उडते म्हणून मागे पेंडीची पोती टाकली. पुढच्या सीटवर गादी, मानेला दोन्ही बाजूंनी उशा. त्यात आत्याबाईंना बसवलं. डोळ्यावर जाड पट्टी, वरून हिरवं कापड.

"नवरीगत सजवलीस की," त्या म्हणाल्या.

"बोलू नका जास्त. मान हलते."

"तोंडाला टाकं घातलं न्हाईत अजून."

वैशाख होता. शहर सोडलं तेव्हा ऊन रणरणत होतं. वाघबीळची चढण चढेपर्यंत पश्चिमेकडून ढग आले. वळवाचा पाऊस आता येतो म्हणेपर्यंत आलाच, आणि त्यात गारा! कापडी हुडावर अशा काही बडवल्या की मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. वर झाडाखाली जीप लावून थांबले. थोड्या वेळात गारा थांबल्या, ऊन पडलं, आणि समोर बघते तर उतारावरचा सगळा रस्ता पांढरा. साबुदाण्याचं पोतं फाटावं तसा. कोल्हापूरकडच्या माणसानं असा रस्ता कधी बघितलेला असतो? गारा वितळेपर्यंत थांबावं, असं मनात आलं. पण ढग पुन्हा भरून येत होते, आणि गारठ्यानं आत्याबाईंचं नाक वाजायला लागलं होतं. शिंक आली तर? निघाले.

दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला दरी. आत्याबाई गप्प झाल्या होत्या. मला बरंच वाटलं.

एक वळण घेतलं आणि समोर बैलगाडी आडवी. गारांच्या माराला बिथरून बैल फिरले होते, गाडी रस्त्याच्या मधोमध, आणि गाडीवान डोक्यावर पोतं घेऊन गाडीखाली उकिडवा बसलेला. डाव्या अंगाला दरडीच्या कडेनं जीप जाईल इतकीच जागा होती, तीही नीट वळवली तर.

मी ब्रेक दाबला. दाब-सोड वगैरे काही नाही... दाबला आणि धरला. चाकं थांबली, जीप नाही. ती तशीच सरळ घसरत निघाली. मी स्टिअरिंग डावीकडे ओढतेय आणि जीप ऐकत नाही. पाय उचलायला पाहिजे हे मला माहीत होतं. अगदी लख्ख माहीत होतं. पण पाय उचलेना. लाकडासारखा ताठ झाला होता.

आणि मग पेडलनं माझा पाय ढकलला.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मी सगळा जोर लावून दाबलेलं पेडल खालून वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर आलं. पायाच्या तळव्याला स्पष्ट कळत होतं. बारीक, बारीक, लांब. बारीक, बारीक, लांब. दर वेळी पेडल वर आलं की जीप थोडी डावीकडे वळायची. बैलांची शिंगं माझ्या खांद्याजवळून गेली. जीप दरडीला समांतर झाली, आणखी थोडी गेली, आणि थांबली. धक्का नाही, हिसका नाही. चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवून ठेवावं तशी ठेवली गेली. उशासुद्धा जागच्या हलल्या नव्हत्या.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी अर्धवट मिटलेल्या, आणि त्या मुठी हलत होत्या. दाबत होत्या आणि सोडत होत्या. दोन बारीक, एक लांब. मी बघत असतानाच थांबल्या.

"आत्याबाई, काय करताय?"

"आँ?" त्या दचकल्या. "आलं व्हय घर? माझा डोळाच लागला बघ. सपनात चंद्री आलती. लई छळलं गं तिनं, पान्हाच सोडंना. आत्ता कुठं धार लागलीती, तर तू उठवलीस."

खाली उतरले ते पाय थरथरतायत का बघायला. थरथरत नव्हते. गाडीवान गाडीखालून बाहेर आला होता. मला वाटलं, शिव्या घालणार. पण तो जीपच्या मागे रस्त्याकडे बघत उभा होता.

"बाई, तुमच्या गाडीला चाकं हायत का पाय?" तो म्हणाला. "हे कसलं वण?"

पांढऱ्या गारांवर चाकांची खूण काळी उमटली होती. वळणापाशी एक सरळ, लांबच लांब पट्टा, तो माझा. त्याच्यापुढे पट्टा तुटलेला. एक छोटा तुकडा, एक छोटा, एक लांब. मग पुन्हा तसंच. थेट जीपच्या चाकापर्यंत. मी वाकून बघितलं, बोट लावून बघितलं. ऊन चांगलंच तापलं होतं. आम्ही दोघं बघत असतानाच कडा विरघळायला लागल्या, आणि त्यानं बैल सरळ करेपर्यंत रस्ता नुसता ओला झाला होता.

"पावणं, कुठलं म्हणायचं तुमी?" त्यानं विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. "म्हशीवाल्या म्हातारीची सून व्हय! तरीच," तो म्हणाला. तरीच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

घरी पोचलो तर हे प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गोठ्याच्या दारातच. आईची चौकशी करायची सोडून म्हणाले, "आई, चंद्रीनं आज कमाल केली. इतकं दिस शेजारणीला तांब्याभर देत न्हवती. आज दुपारी गारा थांबल्या, मी बघायला गेलो तर उभ्या उभ्या पान्हावलेली. चारी सडं चालू! गोठ्यात दुधाचं तळं झालं की."

माझ्या हातातलं गाठोडं खाली पडलं. आत्याबाईंचं लक्ष भलतीकडेच.

"आनि तू काय बघत हुबा ऱ्हायलास? बादली लावायची अक्कल न्हाय?"

"एका हातानं काय लावू?"

"एका हातानं बादली लावता येती. धार तीच काढत हुती न्हवं!"

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे माझ्याहून कोरडे. म्हणाले, "ब्रेकचा ड्रम ओव्हल झाला असंल. तसा झाला की पेडल पायाला ढकलतंय." मला पटलं. पटायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी चारी चाकं उघडली. ह्यांचा एक हात आणि माझे दोन. ड्रम गोल होते. लायनर ठीक, ऑइल ठीक, कुठे गळती नाही, ऑइलमध्ये हवा शिरलेली नाही. हे एका हातानं ड्रम फिरवत म्हणाले, "आनि ओव्हल असता तर रोजच ढकलला असता की." ती शंका मला आधीच आली होती.

मी शांत बसणारी नाही. पुढे पावसाळ्यात चिखलात, निसरड्या उतारावर, मोकळ्या माळावर मुद्दाम जीप घसरवून बघितली. पेडल एकदाही हललं नाही. दाबलं की दबायचं, सोडलं की वर यायचं. जुन्या जीपचं साधं ब्रेक पेडल. गाडीवानालाही बाजारात गाठलं. वण त्यानंही पाहिले होते, त्यामुळे मला भास झाला असं म्हणायची सोय राहिली नाही.

आत्याबाईंची पट्टी निघाली. टाके जागच्या जागी होते. जाड भिंगाचा चष्मा आला आणि त्या दिवशी संध्याकाळी त्या गोठ्यात खाट टाकून बसल्या. मी चंद्रीखाली बसलेली.

"दिसतंय का नीट?" मी विचारलं.

"लख्ख दिसतंय. अजून पिळतीसच."

त्या डोळ्यानं त्यांनी पुढे कैक वर्षं दुधातला केस शोधला, माझ्या भाकरीचा करपलेला काठ शोधला, नातीला डोळे भरून बघितलं. त्या उताराबद्दल मी त्यांना एकदाच सरळ विचारलं. म्हणाल्या, "गाडी हुबी ऱ्हायली न्हवं? मग झालं की."

आता परवाचं. मुलगी नवी गाडी चालवत होती, मी शेजारी. पाऊस झालेला, रस्ता ओला, आणि कुत्रं आडवं आलं. तिनं जोरात ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली, आणि ती घाबरून म्हणाली, "आई, ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे! पेडल पायाखाली थरथरतंय."

"बिघाड नाही," मी म्हटलं. "तसंच असतं. पाय काढू नकोस."

बोलून गेले आणि मग माझं मलाच आश्चर्य वाटलं. घरी येऊन तिनं पुस्तिका वाचली. त्याला एबीएस म्हणतात म्हणे. चाक अडकलं की गाडी आपली आपणच ब्रेक दाबते, सोडते, दाबते, सोडते. बर्फातल्या रस्त्यांचंही त्यात लिहिलंय.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली. "तुमच्या जीपला होतं का एबीएस?"

"आमच्या जीपला दारं नव्हती बाई."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून किल्ली घेतली, मोकळ्या ओल्या रस्त्यावर गेले आणि स्वतः ब्रेक दाबून बघितला. थरथरला. टरटरटरटर, एकसारखा, शिलाई मशीनसारखा. छान आहे, उपयोगाचं आहे, प्रत्येक गाडीला असायला हवं. पण माझ्या पायाखाली त्या दुपारी होतं ते हे नव्हतं. ते दोन बारीक, एक लांब होतं. कुणाला काही पटणारं कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण चाल चुकीची ऐकली असशील, एवढं म्हणू नका. ती चाल मी ओळखते. वर्षानुवर्षं रोज दोन वेळा ऐकली, आणि मला स्वतःला ती कधीच जमली नाही.