मावशीची पाच मशीनं

मावशीला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शिवायला बसली तरी एक पाय पायडलवर आणि दुसरा उठायच्या तयारीत. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले, उसवले, सैल केले. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम फार तर दोन वर्षं. मावशीला मूलबाळ नाही. नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन तुटपुंजी.

तेव्हापासून तिला चैन पडेना. वाचनालयात एक निवृत्त बँकवाल्या बाई दर शनिवारी पैशांचा वर्ग घ्यायच्या. फळा दिसत नाही म्हणून मावशी मलाही ओढून न्यायची.

"तुम्ही झोपलात तरी कमावत राहील असं घरात काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"नवरा होता," मावशी म्हणाली, "पण झोपायचा तोच."

वर्ग हसला. मावशीच्या डोक्यात मात्र किडा शिरला होता. महिनाभर तिने माझ्याकडून वही भरून घेतली: दुरुस्ती किती, झीज किती, किंमत कधी वसूल होणार. मग बंद पडलेल्या एका कारखान्यातून पाच मशीनं घेतली आणि घरी शिवणाऱ्या पाच बायकांना भाड्याने दिली. पाचही चालली तर तिचं घर चालणार होतं.

इथे तिने घोळ घातला. प्रत्येक मशीन तिने स्वतःच्या हाताला बसेल असं लावलं होतं: दोऱ्याचा ताण, टाक्याची लांबी, पायडलची उंची, सगळं. भाडेकरणी आपल्या सोयीने ते बदलायच्या. मावशी आठवड्यातून दोनदा जाऊन पुन्हा होतं तसं करायची. वर शिवणही उसवून दाखवायची.

"मशीन तुझं, पण हात त्यांचा ना?" मी चिडून म्हणाले.

"हात चुकतोय, त्याला मी काय करू?"

तीन महिन्यांत तीन मशीनं परत आली. दारातून आत जायला वाट उरली नाही. मावशी दिवसभर त्यांच्याभोवती घुटमळायची, मला फोन करकरून विचारायची, "आता गं?" मला तिचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

परवा सकाळी भाडेकरणींतली सगळ्यात उंच बाई आली. तिने पायडल चार बोटं खाली घेतलं होतं, आणि वेळेवर भाडं देणारी तीच. सोबत शिवलेला शर्ट होता. मावशीला शिवण दिसेना, म्हणून तिने बोट फिरवलं. काखेपासून खालपर्यंत, दोनदा. बोट कुठेच अडलं नाही.

"मावशी, ही तिन्ही मशीनं द्या मला. दोघी नणंदा आणि जाऊ शिवायला बसणार आहेत. भाडं एक तारखेला घरपोच. फक्त एक अट. रागावू नका."

"बोल."

"तुम्ही आमच्याकडे यायचं नाही."

मावशीने त्या शर्टाची नीट घडी घातली, बटणं वर येतील अशी, आणि हो म्हणाली.

दुपारी टेम्पो येऊन मशीनं घेऊन गेला. मी हिशेब मांडला, पुन्हा तपासला. जमलं होतं! उद्या डोळे गेले तरी मावशी कुणाच्या दारात उभी राहणार नव्हती. मी आनंदाने वही तिच्यापुढे धरली.

मावशी रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"अगं," ती म्हणाली, "मग उद्या सकाळी उठून मी करू काय?"