झाडूगाडीतून पाहिलेला खानदेश

जळगावला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि कडाक्याची थंडी होती. कोल्हापूरहून निघताना बायकोने स्वेटर पुढे केला होता. "खानदेशात कसली आलीय थंडी" म्हणून मी तो खुर्चीवर ठेवून आलो. खानदेशच्या उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात, हिवाळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने माझ्या अर्ध्या बाह्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ पहिल्यांदाच आलेले दिसता." मी मान डोलावली आणि दुसरा चहा मागितला.

मी आलो होतो सायकल शर्यतीसाठी. चालवायला नव्हे. ते वय गेलं, आणि होतं तेव्हाही मी एकही शर्यत जिंकलो नाही. ही व्यावसायिक शर्यत होती, चार दिवसांची, चार टप्प्यांची. रोज एक टप्पा, आणि चारही दिवसांच्या वेळेची बेरीज. मी तिथे पंच होतो. पंच म्हटलं की लोकांना शिट्टी आठवते, पण माझं काम निराळं. शर्यतीच्या सगळ्यात मागे एक गाडी चालते. जो दमला, पडला किंवा फारच मागे राहिला त्याला ती उचलून घेते. तिला आम्ही झाडूगाडी म्हणतो, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे एक झाडू बांधतो. त्या गाडीत बसायचं, आत आलेल्याच्या पाठीवरचा नंबर काढून घ्यायचा आणि यादीतून त्याचं नाव खोडायचं, एवढंच माझं काम. अकरा वर्षं मी ते करतो आहे. त्यामुळे शर्यतीचं पुढचं टोक कसं असतं, ते मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळतं.

गाडी आणि चालक आयोजकांनी दिले होते. चालक साठीचे, पारोळ्याकडचे. "मला नानाच म्हणा," असं त्यांनीच सांगितलं. मी झाडू पुढे केला तसे नाना दोन पावलं मागे सरले.

"झाडू म्हणजे लक्ष्मी शे (आहे), साहेब. गाडीले उलटी नही बांधतस."

मग त्यांनी तो झाडू धुतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि बॉनेटवर सरळ उभा बांधला. अकरा वर्षांत माझ्या झाडूचा इतका मान कुणी राखला नव्हता.

पहिल्या दिवशी मेहरूणच्या तलावाभोवती छोटी फेरी होती. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडलं. तलावावर धुकं होतं, कडेने सकाळी फिरायला आलेली मंडळी हात मागे बांधून बघत होती. कुणी मागे राहिलं नाही. नानांनी गाडीत डुलकी काढली आणि मी शब्दकोडं सोडवलं.

दुसऱ्या दिवशी जळगावहून नशिराबाद, भुसावळ, पुढे तापी ओलांडून यावल आणि परत. दोन्ही बाजूंना केळीच केळी. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, पाटाला पाणी चाललेलं. नशिराबादच्या पुढे एक जण रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेलं चाक हातात धरून उभा दिसला. सायकल खाली, आणि जर्सीत पाठीवर पाण्याच्या पाच बाटल्या कोंबलेल्या. हा हर्षल. संघातला पाणक्या म्हणा हवं तर. म्होरक्याला पाणी आणून द्यायचं, वाऱ्यात त्याच्यापुढे राहायचं, आणि तो जिंकला की मागून टाळ्या वाजवायच्या. अशा माणसांवरच या शर्यती चालतात, पण त्यांचे फोटो येत नाहीत.

संघाची गाडी येईपर्यंत आम्ही त्याच्या मागेच थांबलो. नियमच तसा आहे. झाडूगाडी शेवटच्या स्वाराला ओलांडत नाही.

"कोणता गावना रे तू?" नानांनी काचेतून विचारलं. त्याने अमळनेर-धुळे रस्त्यावरचं एक गाव सांगितलं. नाना खूश. शेवटचा टप्पा त्याच रस्त्याने जाणार होता.

मग तो माझ्याकडे वळून, शाळेतल्यासारखं नीट बोलला. "सर, तुमच्या गाडीत मी याआधी दोनदा बसलोय. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी. या वर्षी माझा करार संपतो. मॅनेजर म्हणालेत, ही शर्यत पुरी केलीस तर पुढच्या वर्षी संघात आहेस. नाहीतर जागा दुसऱ्याला."

मला तो आठवत नव्हता. तसं सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून "बघू या" म्हटलं. इतक्यात चाक आलं आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी असोद्याला भरताचं जेवण होतं. शेतात काट्या पेटवून वांगी भाजलेली, लाकडी बडगीत (उभट भांड्यात) हिरव्या मिरच्यांसकट कुटलेली, आणि सोबत कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) पुरी. वाढणाऱ्या अक्का म्हणाल्या, "भाऊ, तिखट चालतं ना?" कोल्हापूरच्या माणसाला हे विचारणं म्हणजे जरा अपमानच. मी दोनदा मागून घेतलं. नंतर तासभर मला उचकी लागली होती. अक्कांनी केळी आणून समोर ठेवली. केळी खाताना मी कोल्हापूरचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी चोपड्याकडे. सातपुड्याच्या पायथ्याचा वारा समोरून येत होता आणि कापूस वेचणाऱ्या बाया पदर दातांत धरून बघत होत्या. त्या वाऱ्याने दोघांना आमच्या गाडीत बसवलं. एक केरळचा, एक पंजाबचा. केरळचा मुलगा पाठमोरा उभा राहिला, मी पिना काढल्या, तो रडत होता. मी पाण्याची बाटली दिली आणि खिडकीबाहेर बघितलं. या कामात जीव गुंतवून चालत नाही. नंबर काढताना हात थरथरले तर पिन टोचते, बाकी काही होत नाही. हर्षल त्या दिवशी बत्तिसावा येऊन पोचला होता. त्याचा तिसरा दिवस पार पडला, हे मला यादीत दिसलं आणि मी पान उलटलं.

आता चौथा दिवस.

जळगाव, धरणगाव, अमळनेर, आणि पुढे धुळे. या टप्प्याला वेळेची मर्यादा होती. पहिला पोचल्यावर पंधरा मिनिटांच्या आत जो पोचत नाही तो बाद, आणि बाद म्हणजे चारही दिवस पाण्यात. अमळनेरपर्यंत सगळे एकत्र होते. हर्षलही त्यांच्यात होता. मी निर्धास्त होऊन भाजलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

इथे सायकलवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असली की घोळका त्याला जरा पुढे जाऊ देतो. त्याने गाव गाठावं, घरच्यांना हात करावा, आईच्या पाया पडावं, आणि मागून येणाऱ्यांत परत सामील व्हावं. कुणी त्याचा फायदा घेत नाही. शर्यतीतली ही एक सुंदर गोष्ट, आणि कागदावर ती कुठेच नसते. वायरलेसवर आवाज आला, "सत्तावीस नंबरला पुढे सोडलंय, त्याचं गाव येतंय." सत्तावीस म्हणजे हर्षल.

हा रिवाज घोळक्याला माहीत होता. गावाला माहीत नव्हता.

गावाने पाहिलं ते असं. मोकळ्या रस्त्यावर पुढे एकटा आपला हर्षल, आणि मागे लांबवर बाकीचे. यातून कुणीही जो अर्थ काढेल तोच गावाने काढला. आम्ही पोचलो तेव्हा मारुतीच्या पारापाशी बँड वाजत होता. घोळका पुढे निघून गेला होता. जाताना गावाने म्हणे हरलेल्यांसाठीही मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या. हर्षल गर्दीच्या मधोमध, डोक्यापर्यंत हार, तोंड गुलालाने लाल. सायकल दोघांनी डोक्यावर उचलून धरली होती. पाच सुवासिनींचं ओवाळून झालं होतं आणि सहावी तबक घेऊन उभी होती.

नानांनी गाडी थांबवली. मी घड्याळ पाहिलं. धुळे अजून वीस-बावीस किलोमीटर.

टोपी घातलेले एक आबा, गावातले कर्ते गृहस्थ असावेत, पेढ्यांचा पुडा घेऊन खिडकीशी आले. "ल्या (घ्या) साहेब, तोंड गोड करा. आमना पोऱ्या पहिला उना (आला)!"

मी पेढा घेतला. हर्षलने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळत होतं, तोंड मात्र उघडत नव्हतं. गावाच्या तोंडावर "मी पहिला नाही" कसं म्हणायचं? आणि मलाही सगळं कळत होतं. पंचाने स्वाराला मदत करायची नाही असा नियम आहे. पण पेढा खाऊ नये असा काही नियम नाही, म्हणून मी तो खाल्ला. लिहिताना मला याची लाज वाटते.

तेवढ्यात एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन नानांच्या बाजूला आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर घामाने पसरलेलं कुंकू. हर्षलची आई. तांब्या देताना त्यांची नजर बॉनेटवर गेली.

"दादा, गाडीले झाडू काबर (का) बांधेल शे?"

नाना पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि सरळ सांगून टाकलं. "माय, जो बठ्ठासना (सगळ्यांच्या) मांगे ऱ्हास (राहतो), त्याले उचलाले हाई गाडी शे."

"मंग मना (माझा) पोऱ्या?"

"तोच शे, माय. शेवटला."

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. गर्दी कोपराने सारत आत गेल्या आणि हर्षलच्या गळ्यातले हार ओढून काढले. "तुले तोंड नही का रे?" असं त्याला, आणि मग सगळ्यांना, खणखणीत आवाजात, "तो पहिला नही शे! बठ्ठा पुढे निंघी गयात. सोडा त्याले, धुळाले जानं शे त्याले!"

बँड थांबला. सहाव्या सुवासिनीचं तबक तसंच राहिलं. आबांनी पुडा काखेत मारला आणि जणू गर्दी दुसऱ्याच कुणी जमवली होती अशा सुरात गरजले, "मंग इतला येळ काय करी ऱ्हायनात? सोडा रे बठ्ठा!"

सायकल डोक्यावरून खाली आली. हर्षल बसला, आणि वीसेक हात त्याला ढकलायला पुढे झाले. तेव्हा मी खिडकीतून ओरडलो, "ढकलू नका! दंड होतो त्याला!" जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. नियम मात्र सांगितला. हात जागच्या जागी थांबले. तो स्वतःच निघाला. आई रस्त्यातच उभ्या होत्या, हातात चुरगळलेले हार.

पुढचे वीस किलोमीटर आम्ही त्याच्या मागे होतो. घोळक्यात असलं की पुढचे वारा अडवतात. इथे वारा त्याच्या एकट्याच्या वाट्याला होता. घामाने गुलाल मानेवरून ओघळून जर्सीवर उतरला. धुळ्याच्या अलीकडच्या चढावर वायरलेस बोलला, पहिला पोचला. मी घड्याळाचं बटण दाबलं. दहा मिनिटं गेली तेव्हा शहराची पहिली घरं आली. तेराव्या मिनिटाला शेवटचं वळण. तो सायकलवर उभा राहून, सगळं अंग डावी-उजवीकडे टाकत चालवत होता, आणि माझ्या कानांवर "चल! चल रे!" असं कुणाचं तरी ओरडणं आलं. नाना माझ्याकडे बघत होते. तो आवाज माझाच होता. अकरा वर्षांत मी हे केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तो पोचावा यापलीकडे मला जगात काही नको होतं.

चौदा मिनिटं आणि छत्तीस सेकंद.

तो शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली रस्त्यावरच आडवा झाला. मॅनेजरने येऊन आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाला, "जानेवारीत सरावाला ये. गुलाल धुऊन ये." एवढंच. मग हर्षलने फोन मागितला. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही. त्याचं उत्तर मी जवळ असल्याने ऐकलं.

"शेवटला उनू, माय. पण उनू."

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून एसटीने अमळनेरला निघालो, तिथून रेल्वे. रस्ता तोच. मारुतीच्या पारापाशी गुलालाचा डाग अजून होता. तिथून एक मध्यमवयीन शेतकरी कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसला, माझ्या शेजारीच. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सहज विचारलं, काल इथून शर्यत गेली म्हणे, तुमच्या गावचा होता ना कुणी?

"होता ना!" तो सरसावून बसला. "शेवटला उना."

मला वाटलं, बिचारा ओशाळला असेल. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, पहिला कोण आला?

"पहिला तं कोणीबी येस (येतो), साहेब," तो म्हणाला. "आमना पोऱ्या गावमा थांबना, हार लिना (घेतला), पेढा खादा, अन तरी बी टाईममा पोचना. त्या पहिलावालाले सांगा, थांबीसन (थांबून) दाखाड म्हना!"

पहिला कोण आला होता, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. कोल्हापूरला पोचेपर्यंत पेपर घ्यायचंही मी विसरून गेलो.