भाऊंचा उजवा हात

पॅरालिसिस झालेला हात हलवून देणारे दोन रोबो तळेगावच्या दवाखान्यात आहेत. एकात माझा हात बांधतात, शेजारच्यात वडिवळ्याच्या भाऊंचा. बसण्याआधी भाऊ रोबोला टॉवेलनं पुसायचे, बैलाला पुसावं तसं. म्हणायचे, "लय गुनाचा. कवा चिडत न्हाई." त्यांची बायको त्यांना चहा पाजायची, तोंड पुसायची. मला हेवा वाटायचा.

काल पट्टे सोडले आणि भाऊंचा हात पहिल्यांदाच आपणहून खांद्याएवढा वर गेला. आम्ही "वा!" म्हणणार, तोच तो बायकोच्या गालावर बसला. तिच्याकडून थोडा चहा सांडला होता, एवढंच. मी उठायला गेलो, पण रोबो माझा बांधलेला हात शांतपणे वरखाली करत राहिला.

ती गाल चोळत आमच्याकडे वळली आणि चक्क हसली.

"बगा," म्हणाली, "हात पयल्यासारखा झाला."