ट्रेलरच्या नाकाखालचा जॅक

आमचा ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरचं पत्र्याचं स्वयंपाकघर. नवऱ्याच्या पिकअपला जोडून तो बाजाराला, यात्रेला न्यायचा. तिथं पुढच्या दांडीखालचा जॅक फिरवून नाक उचलायचं, पिकअप सोडवायची, म्हणजे नवरा दुसऱ्या भाड्याला मोकळा. फाल्गुनात परंड्याच्या बाजारात त्या जॅकचे आटे गेले. नाक वीतभर खाली बसलं, कढईतलं तेल एका कडेला आलं. मी गॅस बंद केला. पुढचे दोन बाजार पिकअप जोडलेलीच ठेवली आणि तिचं भाडं गेलं.

सोनारीच्या यात्रेला नवऱ्यानं कलिंगडांचं भाडं आधीच घेतलं होतं. तोवर जॅक हवा होता, आणि तोही मला फिरवता येईल असा. कारण गेल्या वर्षी नवऱ्याचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून तो स्टेअरिंग धरतो, पण जोर लावायचं काम माझ्याकडं आहे.

ट्रॉल्या बनवणाऱ्याच्या दुकानात मी ट्रेलर भरून नेला. पाण्याचे दोन ड्रम, सिलिंडर, पीठ, बेसन, सगळं.

"दुकानात चाललोय की लग्नाला?" नवरा म्हणाला.

आमच्याकडं लोखंड हातात जोखून घेतात. जड लागलं की चांगलं. नवऱ्यानं डाव्या हातानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक उचलून पाहिला आणि खूश झाला. त्याला फिरवायला लांब दांडा होता.

"हा घ्या भाभी, नातवंडं वापरतील," दुकानदार म्हणाला.

"नातवंडांचं राहू द्या. आधी मला लावून दाखवा."

"भाभी, मशीन हाय ही. साडी न्हाय नेसून बघायला."

"साडी मी बघून घेते. ही फिरवून घेणार."

कुरकुरत त्यानं तो दांडीला तात्पुरता कसला. मी दांडा धरला. अर्ध्या फेरीत तो सिलिंडरच्या जाळीवर आपटला.

"अर्धा-अर्धा फिरव की," नवरा म्हणाला.

"तुमचा खांदा बरा झाला की तुम्ही फिरवा अर्धा-अर्धा."

दुकानदार हसला आणि आतून दुसरा घेऊन आला. बारीक, आत दाते असलेला, वरच्या बाजूला छोटी मूठ. नवऱ्याला तो खेळणं वाटला. मी मूठ फिरवायला लागले. फेऱ्या पुष्कळ लागत होत्या, पण हात भरून येत नव्हता, आणि ड्रमांसकट नाक वर आलं. तेवढ्यावर मी तो पक्का केला.

यात्रेच्या सकाळी सोनारीत जागा मिळाली ती काळ्या रानात. धूळ बसावी म्हणून पहाटे टँकरनं पाणी मारलेलं. नवरा पिकअपमध्ये इंजिन चालू ठेवून बसला होता. कलिंगडवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते. मी मूठ फिरवायला लागले. जॅक गुमान फिरत होता, पण नाक तिथंच. खाली पाहिलं तर जॅकचा पाय मातीत चालला होता. मी भरलेला ट्रेलर नेला होता खरा, पण दुकानापुढच्या सिमेंटवर. आमच्या अंगणात फरशी आहे. जुन्या जॅकचा पाय रुंद होता, म्हणून मातीचा विचारच केला नव्हता.

"आलं का वर?" नवरा ओरडला.

"येतंय."

"मग गाडी सोडू?"

"सोडा म्हणल्याशिवाय सोडू नका!"

आजूबाजूला सगळे आपापली पालं ठोकत होते, एक दगड मोकळा नव्हता. फळी म्हणून आमच्याकडं फक्त पोळपाट, तो चिरला असता. मी आत जाऊन थालिपिठाचा मोठा बिडाचा तवा काढला. मूठ उलटी फिरवून जॅकचा पाय चिखलातून सोडवला, खाली सपाट तवा सरकवला, आणि पुन्हा सुरुवात केली. तवा दोन बोटं रुतला आणि थांबला. मग नाक उचललं.

"हं, सोडा आता!"

पिकअप सुटली. नवऱ्यानं खिडकीतून मान काढून एकदा दांडीकडं, एकदा तव्याकडं पाहिलं आणि गियर टाकला.

त्या दिवशी आमच्याकडं भजी आणि चहा एवढंच होतं. थालीपीठ विचारणाऱ्यांना मी दांडीखाली बोट दाखवत होते.