वाळल्या पोटाच्या मुंग्या

कासाबाई परभणीच्या सरकारी शेतावर रोजंदारीनं जायची. निजामाचं राज्य होतं. पिकांवरची कीड तपासायला आलेले किशनराव साहेब ज्वारीचे दाणे पळवणाऱ्या मुंग्यांची वारुळं तिच्याकडून खणून घेत. कंबर मोडायची, पण ती कुरकुर करीत नसे.

घरात ती थोरली बायको. लग्नानंतर चौथ्या साली, सातवा महिना चालू असताना, तिला कापसाची ओझी वाहायला धाडलं. मूल गेलं. पुढं कूस उजवलीच नाही. नवऱ्यानं, भुजंगानं, सुगंधाला सवत म्हणून आणलं. तेव्हापासून सुगंधा घरात अन् कासाबाई रानात.

एके दिवशी किशनरावांनी तिच्यापुढं भिंग धरलं. "ही आत पिल्लांपाशी राहणारी मुंगी. पोटात अंड्यांचे बारीक मणी दिसतात? आणि ही दाणे आणायला बाहेर जाणारी. हिचं पोट वाळलेलं आहे."

कासाबाई बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिली.

"साहेब, आधी पोट वाळतंय, का आधी बायेर धाडत्यात?"

किशनरावांनी चिमटा खाली ठेवला. हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी काचेच्या पेटीत राणीवाचून मुंग्या ठेवल्या. बाहेर फिरणाऱ्या जुन्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका दिला. दीड महिना कासाबाईनं पेटीत दाणापाणी घातलं. राणी नाही म्हटल्यावर आतल्या कोवळ्या मुंग्यांची पोटं अंड्यांनी भरली, अन् त्या दाण्यासाठी बाहेर पडेनाशा झाल्या. ठिपकेवाल्या मात्र कोरड्याच राहिल्या, राबतच राहिल्या.

"पोट भरलेली बाहेर पडत नाही, म्हणजे आधी पोट वाळत असावं," किशनराव म्हणाले. "मग त्या आपण होऊन बाहेर पडतात. धाडणारं कुणी दिसत नाही."

"बरं हाय त्यांचं," कासाबाई म्हणाली, "माझं उलटं झालं."

त्या साली सुगंधाला सातवा लागला, तेव्हा कापूस फुटला होता. भुजंग म्हणाला, "उद्यापासून दोघी बी वेचणीला चला."

"तिला न्हाई धाडायचं. मी जाते."

"एकटीच्यानं किती हुईल?"

"हुईल तितकं."

सरकारी शेत सोडून ती दोघींचा कापूस वेचत राहिली. बोंडांनी बोटं चिरली, गुडघे सुजले. शिमग्याच्या आधी सुगंधाला मुलगी झाली, धडधाकट. कासाबाई रानातून आली, हातपाय धुऊन बाजेला टेकली. सुगंधानं पोर तिच्या मांडीवर दिली.

"नाव तुमीच ठिवा, आक्का."

बसल्या बसल्याच कासाबाईचा डोळा लागला होता.